डोळ्याच्या नसेला मुका मार: सूज, पांढऱ्या पेशी आणि स्टेरॉईडचा आग्रह

हरिपूर_घाट

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या सांगली भागात रात्रीचे अपघात वाढतात. उसाची ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी, मागं रिफ्लेक्टर नाही, आणि दुचाकीवरचा पोरगा थेट जाऊन धडकतो. हेल्मेट नसतं. भुवईवर जखम, चार टाके, मेंदूचा स्कॅन ठीक, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. दोन दिवसांनी पापणीची सूज उतरून डोळा उघडतो तेव्हा कळतं की त्या डोळ्यानं दिसतच नाही. डोळा वरून बघाल तर स्वच्छ. बुबुळ ठीक, पडदा जागेवर. मार लागलेला असतो मागच्या नसेला, म्हणजे ऑप्टिक नर्व्हला.

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, डोळ्यांचा डॉक्टर नाही. पण असे कागद घेऊन ओळखीपाळखीचे लोक येतात आणि त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. "सूज उतरली की दिसेल ना?" आणि "मग स्टेरॉईडचं इंजेक्शन का देत नाहीत?" दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच: आत दाह झालाय, तो दाबला की नस पूर्ववत होईल. ही समजूत अर्धीच खरी आहे. दाहातले काही रेणू नसेच्या पेशी मारतात हे खरं. पण त्याच दाहातले दुसरे काही रेणू त्या पेशींना जगवतात आणि प्राण्यांमध्ये तर तुटलेले तंतू पुन्हा वाढवतात. सगळंच दाबून टाकलं तर मारणारेही थांबतात आणि वाचवणारेही. हे नीट मांडावं म्हणून हा धागा.

आधी नस समजून घेऊ. ऑप्टिक नर्व्ह हातापायातल्या नसांच्या जातीची नाही, तो मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे. पडद्यावर सुमारे १० ते १२ लाख गँग्लिअन पेशी असतात. प्रत्येक पेशी एक लांब तंतू मेंदूकडे पाठवते आणि या तंतूंची जुडी म्हणजे ही नस. लांबी साधारण ५ सेंटिमीटर. त्यातला सुमारे १ सेंटिमीटर भाग कवटीच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून जातो आणि तिथं नसेचं आवरण हाडाला घट्ट चिकटलेलं असतं. भुवईच्या बाहेरच्या कडेवर बसलेला दणका हाडामार्फत त्या बोगद्यापर्यंत पोचतो. डोळ्याला ओरखडाही न येता नस दुखावते ती अशी.

हाताची नस तुटली तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर वेगानं परत वाढू शकते. ऑप्टिक नर्व्ह वाढत नाही. हातातल्या नसेला श्वान पेशींचं आवरण असतं. त्या पेशी मोडतोड लवकर साफ करतात आणि तंतूला वाट करून देतात. मेंदूत आणि ऑप्टिक नर्व्हमध्ये ही पेशी नाही. तिथं तुटलेल्या मायलिनचा, म्हणजे तंतूंवरच्या स्निग्ध वेष्टनाचा, कचरा महिनोन्‌महिने पडून राहतो आणि त्यातली नोगोसारखी प्रथिनं वाढीला मज्जाव करतात. मात्र गँग्लिअन पेशीतली वाढीची ताकद पूर्णपणे संपलेली नसते. १९८५ मध्ये मॉन्ट्रियलला सो आणि अग्वायो यांनी उंदरांच्या डोळ्याच्या पडद्यात पायातल्या नसेचा तुकडा बसवला, तेव्हा काही गँग्लिअन पेशींचे तंतू त्यात चांगले लांब वाढले.

आता मारानंतर काय होतं ते. ज्या क्षणी दणका बसतो त्या क्षणी काही तंतू फाटतात, ते गेलेच. पण बरेचसे तंतू नुसते दाबले गेलेले, ताणले गेलेले असतात आणि त्यांच्या पेशी लगेच मरत नाहीत. प्राण्यांमध्ये नस चिमटीत दाबली तर गँग्लिअन पेशी काही दिवस तग धरतात आणि मग पुढच्या दोनेक आठवड्यांत त्यातल्या बहुतेक मरतात. दुखापत मागं आणि मरण पुढं पडद्यावर, तेही इतक्या उशिरा. दुखावलेल्या तंतूतून डीएलके नावाच्या एन्झाइममार्फत संकटाची खबर पेशीच्या केंद्रापर्यंत पोचते आणि पेशी स्वतःच मरणाची तयारी सुरू करते. त्याच वेळी आजूबाजूच्या रोगप्रतिकारक पेशी जाग्या होतात. मधला हा काळ उपचारासाठी मोलाचा आहे आणि सगळं संशोधन त्याच्याभोवती फिरतंय.

पेठभाग

सर, फार चांगलं लिहिलंत. माझ्या मावसभावाचं हुबेहूब असंच झालं, फक्त ट्रॉलीऐवजी कठडा होता. पांढऱ्या पेशी जंतू मारतात एवढंच शाळेत शिकलो. इथं तर जंतू नाहीत, जखमही बंद आहे. मग त्या तिथं करतात काय?

हरिपूर_घाट

पेठभाग, मेंदूला स्वतःच्या पहारेकरी पेशी असतात, त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. पडद्यातही त्या असतात. जंतू असो वा नसो, फुटलेल्या पेशीतून बाहेर सांडलेलं एटीपी, म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलन, तेसुद्धा त्यांना खुणावतं. त्या रूप बदलतात, कचरा खातात आणि संदेशरेणू सोडतात.

यातले तीन रेणू लक्षात ठेवण्यासारखे आहेत: इंटरल्युकिन-१ अल्फा, टीएनएफ आणि सी१क्यू. पहिले दोन दाहाचे जुने ओळखीचे दूत, तिसरा कॉम्प्लिमेंट साखळीतला, म्हणजे रक्तातल्या संरक्षक प्रथिनांच्या साखळीतला, पहिला दुवा. २०१७ मध्ये स्टॅनफर्डला बेन बॅरेस यांच्या प्रयोगशाळेत शेन लिडेलो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे तिघं एकत्र आले की शेजारच्या अॅस्ट्रोसाइट पेशी बिघडतात. एरवी चेतापेशींना पोसणं, जोडण्या टिकवणं हे अॅस्ट्रोसाइटचं काम. बिघडल्यावर त्या हे काम सोडतात आणि चेतापेशींना मारणारं विष सोडू लागतात. ज्या उंदरांत हे तिन्ही रेणू जन्मतःच नव्हते, त्यांची नस चिरडल्यावरही गँग्लिअन पेशी मोठ्या संख्येनं जगल्या. साध्या उंदरांत या रेणूंना बांधणाऱ्या प्रतिपिंडांचं इंजेक्शन दिल्यावरही तसंच झालं. ते विष म्हणजे लांब साखळीचे संपृक्त स्निग्ध पदार्थ, हे २०२१ मध्ये पुढं आलं.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की गँग्लिअन पेशीचं मरण दुखापतीनं पूर्णपणे ठरवलेलं नव्हतं. शेजारच्या पेशींनी त्यात हात घातला होता.

तासगाव_बेदाणा

महापुराची आठवण झाली. २०१९ ला पाणी ओसरल्यावर खरं नुकसान सुरू झालं, भिंती आठवड्याभरानं बसल्या. तसंच ना हे?

हरिपूर_घाट

हो, उशिरा होणाऱ्या नुकसानीला हे बरोबर लागू पडतं.

विट्याची_पोरगी

सर, मी एम.एस्सी. झूलॉजीला आहे. एक शंका. मायक्रोग्लियाच खलनायक असतील तर त्या काढून टाकल्यावर पेशी वाचायला हव्यात. पण औषधानं मायक्रोग्लिया संपवूनही गँग्लिअन पेशींच्या मरणात फरक पडला नाही असं मी वाचलंय. मग लिडेलोंचं काय?

हरिपूर_घाट

ताई, शंका अगदी मर्मावर आहे. तुम्ही म्हणता ते काम जर्मनीतल्या डीटमार फिशर यांच्या गटाचं, तेही २०१७ चंच. त्यांनी मायक्रोग्लिया जवळजवळ पूर्ण काढल्या आणि नस चिरडली. मरण तेवढंच आणि तंतूंची वाढही तेवढीच. दोन्ही निष्कर्ष उघड उघड एकमेकांना छेद देतात.

माझं मत सांगतो. पेशी काढून टाकणं आणि तीन ठरावीक रेणू अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टीएनएफ किंवा इंटरल्युकिन दुसऱ्या पेशीही बनवू शकतात. आणि मायक्रोग्लिया काढल्या की त्यांचं भलं कामही जातं, त्यामुळं बेरीज-वजाबाकी शून्यावर येऊ शकते. म्हणून मी "मायक्रोग्लिया वाईट" असं वर्गात कधी शिकवत नाही. कोणता रेणू, कधी आणि कुठं, एवढंच विचारावं.

आणि आता नाण्याची दुसरी बाजू, जिच्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो. २००० साली बॉस्टनला लॅरी बेनोविट्झ यांच्या गटानं उंदरांची ऑप्टिक नर्व्ह चिरडली आणि सोबत डोळ्यातलं भिंग मुद्दाम दुखावलं. कुणालाही वाटेल की दोन जखमांनी नुकसान वाढेल. झालं उलट. भिंग दुखावलेल्या डोळ्यांत गँग्लिअन पेशी जास्त जगल्या आणि त्यांचे तंतू चिरडलेल्या जागेच्या पलीकडे वाढले. भिंगाच्या जखमेनं डोळ्यात दाह पेटवला होता, मॅक्रोफेज, म्हणजे कचरा खाणाऱ्या मोठ्या पांढऱ्या पेशी, गोळा झाले होते. मग त्यांनी भिंगाला हात न लावता यीस्टच्या पेशीभिंतीतून काढलेलं झायमोसान डोळ्यात सोडून नुसता दाह पेटवला, तरी तंतू वाढले. २००६ मध्ये या परिणामामागचं एक प्रथिन त्यांनी शोधलं, ऑन्कोमोड्युलिन. पुढं दिसलं की ते आणणाऱ्यांत न्यूट्रोफिल मोठ्या संख्येनं असतात, म्हणजे ज्या पांढऱ्या पेशींचा आपण पू म्हणून तिरस्कार करतो त्याच. फिशर यांच्या गटाचं म्हणणं थोडं वेगळं: दाहामुळं पडद्यातल्याच आधारपेशी सीएनटीएफ आणि एलआयएफ हे वाढघटक बनवतात आणि मुख्य काम ते करतात. बहुधा दोन्ही वाटा चालू असाव्यात.

२०१२ मध्ये बेनोविट्झ गटानं झायमोसानचा दाह, पेशीतला सायक्लिक एएमपी हा संदेशरेणू वाढवणारं औषध आणि वाढीला लगाम घालणारं पीटेन जनुक काढून टाकणं या तिन्ही गोष्टी एकत्र केल्या. काही तंतू डोळ्यापासून मेंदूपर्यंत पोचले आणि उंदरांना काही साध्या दृष्टिक्रिया अंशतः परत आल्या. ज्या नसेबद्दल शंभर वर्षं "नाही" म्हटलं गेलं, तिच्याबद्दलची ही बातमी आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वर्गातला धडा बाजूला ठेवून पोरांना तेच सांगितलं होतं.

हळदकट्टा

आमचा तीन पिढ्यांचा हळदीचा व्यापार. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. हळद दाह उतरवते हे तर आता परदेशीही मान्य करतात. अशा पोराला रोज हळद-दूध दिलं तर नसेला फायदा व्हायला हवा ना? आणि आमच्याकडं काही जण डोळ्यात हळदीचं पाणी घालतात, ते कितपत बरोबर?

हरिपूर_घाट

काका, हळद आपला अभिमान आहे म्हणूनच स्पष्ट सांगतो. हळदीतला करक्युमिन प्रयोगशाळेत एनएफ-कप्पा-बी हा दाहाचा मोठा खटका अडवतो, हे खरं. पण पोटातून तो फार थोडा रक्तात येतो आणि जो येतो त्याची विल्हेवाट यकृत पटकन लावतं. मिरीतल्या पिपेरीननं ते प्रमाण वाढतं, पण कपभर दुधातून नसेपर्यंत उपचाराइतका करक्युमिन पोचेल असं मानायला आधार नाही. हळद-दूध आवडीनं प्यावं, उपचार म्हणून त्यावर विसंबू नये. डोळ्यात मात्र काहीही घालू नका. हळदीचे बारीक कण बुबुळावर ओरखडे काढतात, पाण्यातले जंतू आत जातात, आणि नस तर डोळ्याच्या मागं आहे.

नेत्रनिवासी

मी मिरजेत नेत्रविभागात निवासी डॉक्टर आहे. धागा वाचून राहवलं नाही, कारण आमच्याकडं हे रुग्ण फार उशिरा येतात.

सुजलेली पापणी बंद असली तरी हलक्या हातानं उघडून पहिल्याच दिवशी प्रत्येक डोळ्यानं वेगळं दिसतंय का ते बघायला हवं. बेशुद्ध रुग्णातसुद्धा टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर हलवली की कळतं. मार लागलेल्या बाजूला टॉर्च आणल्यावर बाहुली लहान व्हायच्या ऐवजी मोठी झाली तर नसेत गडबड आहे. शुद्धीवरच्या पोराला बाटलीचं लाल टोपण दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं दाखवा. एका डोळ्याला तो लाल फिका, विटकरी दिसला तर तसंच डॉक्टरांना सांगा. नसेचं टोक फिकं पडायला महिना-दीड महिना लागतो, त्यामुळं आधी आतून बघून "सगळं ठीक" दिसणं फसवं असतं.

एक गोष्ट मात्र खरी तातडीची. डोळा पुढं आलाय, दगडासारखा टणक झालाय, प्रचंड दुखतोय आणि नजर मिनिटामिनिटाला कमी होतेय, तर डोळ्यामागं रक्त साचून दाब वाढलेला असतो. तिथं बाहेरच्या कोपऱ्यात छेद देऊन दाब सोडला तर नजर वाचू शकते, आणि वेळ तासांमध्येच मोजायची असते. अशा वेळी स्कॅनसाठी थांबू नये.

आता स्टेरॉईड. ही पद्धत पाठीच्या कण्यावरून आली. १९९० च्या अमेरिकी चाचणीत कण्याच्या दुखापतीनंतर पहिल्या ८ तासांत मिथाइलप्रेडनिसोलोनचे मोठे डोस दिल्यानं थोडा फायदा दिसला आणि लोकांनी तेच नसेला लावलं. मग १९९९ ला १३३ रुग्णांची आंतरराष्ट्रीय पाहणी प्रसिद्ध झाली. काहींना स्टेरॉईड, काहींची बोगदा मोकळा करायची शस्त्रक्रिया, काहींना नुसतं निरीक्षण. कशाचाही स्पष्ट वरचढपणा दिसला नाही, आणि काहीच न केलेल्यांतही अनेकांची नजर सुधारली. २००० साली उंदरांवरच्या एका कामात तर या औषधानं नसेतले तंतू अधिकच घटले. वर हरिपूर_घाट सर म्हणतात तसं, वाचवणारेही दबत असावेत.

शिवाय डोक्याला मार असेल तर धोका वेगळाच. २००४ चा क्रॅश अभ्यास डोक्याला मार लागलेल्या १०,००८ रुग्णांवरचा. दोन आठवड्यांत स्टेरॉईड गटातले २१.१ टक्के दगावले, स्टेरॉईड न दिलेल्या गटातले १७.९ टक्के. ट्रॉलीला धडकलेल्या पोराच्या डोक्यालाही मार असतोच. नजर वाचवायच्या आशेवर जीव पणाला लावता येत नाही.

तासगाव_बेदाणा

डॉक्टर, मग माझ्या आत्येबहिणीला स्टेरॉईडनं फरक कसा पडला? तिची पण नसच होती. एका डोळ्याची नजर आठवड्यात गेली होती, इंजेक्शननं आली.

नेत्रनिवासी

दादा, तिला मार लागला नव्हता ना? मग तो ऑप्टिक न्यूरायटिस असावा. तिथं रोगप्रतिकारशक्ती स्वतःहून नसेवर चालून जाते, दाह हाच मूळ आजार. १९९२ च्या अमेरिकी चाचणीत ४५७ रुग्ण होते. शिरेतून स्टेरॉईड दिलं तर नजर लवकर परत आली, पण शेवटी किती आली यात मोठा फरक राहिला नाही. आणि नेहमीच्या डोसात नुसत्या गोळ्या दिलेल्यांत आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं. म्हणून कुणी परस्पर दुकानातून गोळ्या आणून देऊ नयेत.

त्यातही एक उग्र प्रकार आहे, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. त्यात ॲक्वापोरिन-४ या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं बनतात आणि कॉम्प्लिमेंट साखळी अॅस्ट्रोसाइट फोडते. तिथं मात्र स्टेरॉईड आणि गरज पडली तर प्लाझ्मा बदलणं यात एक दिवसही घालवायचा नसतो. एकाच नसेचे दोन आजार, आणि दाहाची भूमिका इतकी वेगळी.

वाळवा_तालुका

नमस्कार. मुलगा १९ वर्षाचा. कबड्डीत समोरच्याचा गुडघा भुवईवर बसला. उजव्या डोळ्यानं फक्त हात हलल्याचं कळतं. दोन गोष्टी विचारायच्यात. आमचे पाहुणे म्हणतात एक डोळा गेला की त्याचं वारं दुसऱ्याला लागतं, तर डावापण जाणार का? आणि एका ठिकाणी स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन नस नवीन करतो म्हणतात. पैसे फार सांगितलेत. जमीन गहाण ठेवायचा विचार चाललाय.

नेत्रनिवासी

काका, आधी दुसऱ्या डोळ्याचं. पाहुण्यांच्या म्हणण्यामागं एक खरा आजार आहे, पण तो तुमच्या मुलाचा नाही. डोळा फुटून, चिरून आतलं आवरण उघडं पडलं तर शरीराला आजवर न दिसलेली डोळ्यातली प्रथिनं दिसतात. मग क्वचित कधी रोगप्रतिकारक पेशी धडधाकट डोळ्यावरही चालून जातात. तुमच्या मुलाचा डोळा फुटलेला नसेल, नसेलाच मुका मार असेल, तर हा धोका धरायचं कारण नाही.

हरिपूर_घाट

काका, जमीन गहाण ठेवू नका. हात जोडून सांगतो. मी वर लिहिलेलं सगळं यश उंदरांतलं आहे. त्यातही चिरडण्याच्या आधी किंवा लगेच उपचार सुरू केलेले, कित्येकदा जनुक बदललेले प्राणी. झायमोसान माणसाच्या डोळ्यात घालता येत नाही, त्यानं पडद्याचं नुकसानही होतं. स्टेम सेलनं ऑप्टिक नर्व्ह नवीन करण्याचा मान्यताप्राप्त उपचार आज जगात कुठंही नाही. आपल्याकडं आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्ताच्या काही ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करावा. आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागतायत, एवढ्यावरून ओळखा.

विट्याची_पोरगी

सर, मग माणसांसाठी आशा नेमकी कशात आहे असं तुम्हाला वाटतं?

हरिपूर_घाट

मला तीन-रेणूंच्या वाटेपेक्षाही ओहायोमधलं २०२० चं काम जास्त बोलकं वाटतं. अँड्र्यू सास, बेंजामिन सीगल आणि सहकाऱ्यांनी दाह पेटलेल्या जागी जमलेल्या न्यूट्रोफिलमधला एक अपरिपक्व गट वेगळा काढला. तो डोळ्यात सोडल्यावर गँग्लिअन पेशी जगल्या आणि तंतू वाढले. म्हणजे दाहातलं हवं तेवढंच उचलता येतं, बाकीचं नुकसान टाळून. आणि इस्राएलमध्ये मिखाल श्वार्ट्झ यांनी १९९९ मध्येच दाखवलं होतं की मायलिनविरुद्ध शिकवलेल्या टी पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) चिरडलेल्या नसेतले तंतू वाचवतात. ज्यांना आपण स्वतःवर उलटलेल्या पेशी म्हणतो त्यांनीच. तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नव्हता. तुमच्या पिढीनं या विषयात यावं, आपल्याकडं या अपघातांची कमी नाही आणि अभ्यास करणारे फार थोडे आहेत.

वाळवा_तालुका

सर, डॉक्टर, आभार. जमिनीचं थांबवतो. पोरगा परत मैदानात जायचं म्हणतोय. पाठवू का?

नेत्रनिवासी

काका, आधी तीन महिने नजर नोंदवत राहू. या काळात आपोआप सुधारणा होऊ शकते, आणि ओसीटी, म्हणजे प्रकाशानं पडद्याचे थर मोजणाऱ्या तपासणीत, गँग्लिअन पेशींचा थर किती उरला तेही कळेल. सुधारणा होवो न होवो, डाव्या डोळ्याला आजपासून पॉलिकार्बोनेट काचेचा चष्मा हवा, नंबर नसला तरी. शेतात, दुचाकीवर, सगळीकडं. कबड्डी सध्या बंद ठेवा. पोहणं, धावणं चालेल. येताना अपघाताच्या दिवशीचा स्कॅन आणि सगळे कागद घेऊन या.